दगडाला कोण वय विचारतंय?

पत्र : माझी शिरोली एमआयडीसीत छोटी फाउंड्री आहे. मुलगी बारावी सायन्सला आहे. पन्हाळ्याच्या सहलीत तिला कुणी भूशास्त्रज्ञ भेटले, त्यांनी तिथल्या कातळाचं वय कसं काढतात ते सांगितलं. तेव्हापासून पोरगी म्हणते, मलाही ज्वालामुखीच्या खडकांचं वय काढायचंय. घरात दगडांची रास लागलीय. मी म्हणतो, मेकॅनिकल कर, धंदा सांभाळ. दगडाला कोण वय विचारतंय? आणि ते कार्बन डेटिंग करून पगार तरी किती मिळणार?
— एक वडील, कोल्हापूर

नमस्कार.

पत्र वाचून आधी हसू आलं, मग वाटलं, ही मुलगी फाउंड्रीवाल्याच्याच घरात जन्मायची होती. ती जे शिकू म्हणते ते तुम्ही रोज शेडमध्ये बघता, फक्त तिचं ओतकाम फार जुनं आहे.

पहिल्यांदा कार्बन डेटिंग डोक्यातून काढून टाका. ते लाकूड, हाडं, कोळसा यांच्यासाठी असतं आणि तेही साधारण ५० हजार वर्षांपर्यंतच चालतं. पन्हाळ्याच्या जांभ्याखालचा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा आहे. तिथं वेगळं घड्याळ लागतं. खडकात थोडंफार पोटॅशियम असतं. त्याचा एक प्रकार अत्यंत सावकाश मोडतो, निम्मा संपायला १२५ कोटी वर्षं घेतो, आणि मोडताना त्यातला काही भाग आरगॉन वायू होतो. लाव्हा पातळ असतो तोवर हा वायू निसटून जातो. ओतलेला रस गोठला की तो स्फटिकात अडकायला लागतो. घड्याळ तिथून सुरू. आता किती आरगॉन साठलाय आणि किती पोटॅशियम आहे हे मोजलं की वय निघतं. (पन्हाळ्याच्या दगडात दिसणारी भोकं म्हणजे तुमच्या भाषेत ब्लोहोल, पण ती वाफेची आणि इतर वायूंची. आरगॉन डोळ्यांना दिसत नाही.)

सांगायला सोपं, करायला महाकठीण. आपल्या घाटातल्या पावसात दगड कुजतो, त्याचा मुरूम होतो. असा दगड आरगॉन गमावून बसतो आणि वय खोटंच कमी दाखवतो. म्हणून ताजा दगड शोधायचा, फोडायचा, चाळायचा, सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्यानं एकेक पांढुरका कण वेचायचा. मग ते कण, आधीच वय ठाऊक असलेल्या दुसऱ्या खनिजासोबत, अणुभट्टीत न्यूट्रॉनच्या माऱ्याखाली ठेवायचे, म्हणजे पोटॅशियमही आरगॉनच्याच रूपात मोजता येतं. त्यानंतर टप्प्याटप्प्यानं तापवून सुटणारा वायू मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे अणू वजनावरून वेगळे करणाऱ्या यंत्रावर, मोजायचा. घाटात हातोडा घेऊन उभं राहिल्याचे फोटो छान येतात, पण कामाचे बरेच दिवस त्या चिमट्यासमोर जातात. तुमच्या मुलीला हे कुणी सांगितलंय का, ते विचारा.

आता 'कोण विचारतंय'. अख्खं जग विचारतंय. डायनासोर नाहीसे झाले त्याच सुमाराला, ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, आपल्या दख्खनमध्ये लाव्हा वाहत होता. मेक्सिकोत अशनी आदळला तोही तेव्हाच. मग दोष कुणाचा? २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन गटांनी सह्याद्रीच्या लाव्ह्याची वयं छापली. कोर्टनी स्प्रेन यांच्या गटानं आरगॉन वापरला आणि म्हटलं, सुमारे तीन चतुर्थांश लाव्हा डायनासोर गेल्यानंतर बाहेर आला. ब्लेअर शोन यांच्या गटानं दोन थरांच्या मधल्या राखेतून, तांबड्या पट्ट्यांतून झिरकॉन नावाच्या खनिजाचे बारीक कण काढले, त्यातल्या युरेनियमचं शिसं किती झालं ते मोजलं. ते म्हणाले, उद्रेक झटक्याझटक्यानं झाले आणि एक मोठा झटका विनाशाच्या आधीचाच. डोंगर तेच, तरी निष्कर्ष वेगळे. कोट्यवधी वर्षांच्या हिशेबात भांडण हजारो वर्षांच्या फरकाचं. ते पूर्ण मिटलेलं नाही, म्हणजे तुमच्या मुलीला काम शिल्लक आहे.

आणखी एक गोष्ट तुम्हाला आवडेल. सह्याद्रीतले थर वरवर सगळे सारखेच काळे. भूशास्त्रज्ञांनी ते वेगळे ओळखले ते प्रामुख्यानं रासायनिक घटकांवरून, तुम्ही स्पेक्ट्रोवर (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्रावर) नमुना लावून ही कुठली हीट, म्हणजे भट्टीतला कुठला घाण, ते सांगता तसं. त्या थरांच्या गटांना गावांची, घाटांची नावं दिली आहेत. महाबळेश्वर गटाच्या वर जो गट येतो, त्याचं नाव जगभरच्या शोधनिबंधांत 'पन्हाळा' असंच छापलं जातं.

पगाराचं सरळ बोलतो. खडकांचं वय काढणाऱ्या प्रयोगशाळा देशात मोजक्या आहेत. मुंबई आयआयटी, अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा अशी नावं बोटांवर संपतात. नुसतं 'वय काढणार' म्हणून करिअर आखलं तर जागा निघण्याची वाट बघत बसावं लागेल. तेव्हा तिनं भूशास्त्र घ्यावं, वयमापन ही त्यातली पुढची वाट ठेवावी. बीएस्सीला भूशास्त्र मुख्य विषय, सोबत भौतिकशास्त्र किंवा रसायन, आणि गणित सोडायचं नाही. पुण्यात फर्ग्युसनला हा विषय आहे. मग जॅम परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सी, नाहीतर पुणे किंवा नागपूर विद्यापीठ.

एमएस्सीनंतर यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा, वय २१ ते ३२. त्यातून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात किंवा केंद्रीय भूजल मंडळात नोकरी लागते. राज्यात भूजल सर्वेक्षण यंत्रणा आहे, आणि पाण्याचं काम कधी बंद पडत नाही. संशोधनच हवं असेल तर नेट देऊन ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, सुरुवातीला महिना ३७ हजार. पीएचडीला पाचेक वर्षं धरा. तेवढा काळ घरातून 'कधी संपणार' असं विचारायचं नाही, हे मात्र तुमच्याकडून आताच कबूल करून घेतो. फील्डवर मुलगी कशी जाणार, ही काळजी तुम्ही लिहिली नाहीत तरी असेलच. सोबत गट असतो, मुली आता सर्रास जातात, आणि घाटात चहाची टपरी कुठं आहे हे त्यांना मुलांपेक्षा लवकर कळतं.

धंद्याचं म्हणाल, तर मन मारून मेकॅनिकल केलेली मुलगी फाउंड्रीत किती दिवस टिकेल, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. पण तिलाही एक परीक्षा द्यायला लावा. बारावीचा पेपर संपला की महिनाभर तुमच्या लॅबमध्ये स्पेक्ट्रोवर बसवा. रोज तेच नमुने घासायचे, यंत्र जुळवून घ्यायचं, आकडे वहीत लिहायचे. पंधराव्या दिवशी कंटाळून उठली तर आवड पन्हाळ्याच्या वाऱ्याची होती, असं समजा. आकडा जुळला नाही म्हणून पुन्हा नमुना घासत बसली, तर माझ्याकडं घेऊन या, प्रवेशाचे फॉर्म आपण मिळून भरू.

तोवर ती दगडांची रास फेकू नका. कुठला दगड कुठून आणला हे तिनं लिहून ठेवलं नसेल, तर तिला आधी तेवढं करायला सांगा, ठिकाण न लिहिलेल्या नमुन्याला प्रयोगशाळेत कुणी हात लावत नाही. कास्टिंगवर हीट नंबर टाकायचा तुमचा पांढरा रंग चालेल.