कॅनडाला निघण्याआधी कोकणातलं घर नावावर करून घ्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॅनडाची पीआर (कायम राहण्याची परवानगी) हातात आली आहे, येत्या काही महिन्यांत कुटुंबासह निघायचंय. दापोलीजवळ वडिलांचं कौलारू घर आहे, मागे हापूसची कलमं. घर उघडतं ते मे महिन्यात आणि गणपतीत. निघण्याआधी बक्षीसपत्र करून ते नावावर घ्यावं की मृत्युपत्रावर सोडावं, पुढे मुलांना देताना कॅनडा किती कर घेईल, आणि ‘तिकडे सुट्टीतल्या घरावर मेल्यावर कर लागतो’ हे मित्राचं म्हणणं खरं का?

मित्राचं अर्धं खरं आहे. कॅनडात वारसा कर नाही. पण माणूस गेला की त्याने मरणाच्या आदल्या क्षणी आपली सगळी मालमत्ता बाजारभावाने विकली असं आयकर खातं धरून चालतं. न झालेल्या त्या विक्रीचा भांडवली नफा त्याच्या शेवटच्या विवरणपत्रात येतो. नवऱ्याकडे किंवा बायकोकडे जाताना हे पुढे ढकलता येतं, मुलांकडे जाताना नाही. राहत्या घराला सूट आहे, पण १९८२ पासूनच्या कुठल्याही वर्षासाठी नवरा-बायको मिळून एकच घर दाखवता येतं. ती सूट बहुतेक जण शहरातल्या घराला वापरतात आणि तळ्याकाठचं कॉटेज करात सापडतं.

इथे कॅनडात, ओंटॅरिओ प्रांतात, कवार्था लेक्सच्या बाजूला माझ्या एका सहकाऱ्याच्या आईचं असं कॉटेज आहे. आकडे समजण्यापुरते गोल करून सांगतो. साठ हजार डॉलरला घेतलेलं घर आज सात लाख साठ हजारांचं झालं, तर नफा सात लाख. त्यातला निम्मा करपात्र. (हे प्रमाण काही नफ्यासाठी दोन तृतीयांश करायचा २०२४ चा प्रस्ताव मार्च २०२५ मध्ये रद्द झाला.) म्हणजे साडेतीन लाख एकाच वर्षाच्या उत्पन्नात. ओंटॅरिओतला सगळ्यात वरचा दर ५३.५३ टक्के, त्यामुळे इतर उत्पन्न धरून कर दीड ते पावणेदोन लाखांच्या घरात जातो. तोही रोख, आणि घर तर विकलेलंच नाही! म्हणून इथले लोक केवळ या करासाठी आयुर्विमा काढतात.

त्या बाईंकडे बुटांचं एक खोकं आहे. डॉक बदलला, छप्पर नवं घातलं, सेप्टिक टाकी बसवली, त्या सगळ्याची बिलं साल लिहून रबरबँड लावून ठेवलेली. घरात कायमची भर घालणारा असा खर्च मूळ किमतीत मिळवता येतो आणि नफा तेवढा उतरतो. नुसती रंगरंगोटी त्यात धरत नाहीत. आणखी एक, कारण ही युक्ती आपल्या लोकांत फार ऐकू येते: मुलाला एक डॉलरला विकून टाकायचं. तसं अजिबात करू नका. आईच्या बाजूने खातं पूर्ण बाजारभाव धरतं आणि मुलाची खरेदी किंमत मात्र एक डॉलरच राहते. एकाच नफ्यावर दोनदा कर. त्यापेक्षा सरळ बक्षीस परवडलं.

आता तुमचं घर. तुम्ही कॅनडाचे रहिवासी झालात की जगभरातल्या मालमत्तेला हेच नियम लागतात, दापोलीही त्यात आली. पण एक सवलत आहे. रहिवासी झालात त्या दिवशी तुमच्या नावावर जे आहे, ते त्याच दिवशी बाजारभावाने घेतलं असं कॅनडा मानतो. वडिलांनी बांधलं तेव्हापासूनची वाढ कॅनडाच्या हिशेबात येतच नाही. तसंच वडील भारतात राहत असताना पुढे कधी तुम्हाला ते घर वारशाने मिळालं, तर त्या दिवसाचा बाजारभाव तुमची मूळ किंमत ठरतो. म्हणजे कॅनडाच्या कराकडे पाहिलं तर आत्ता नावावर करून काही वाचत नाही. उलट, भाव चढत राहिले तर वारशाने उशिरा आलेलं घर फायद्याचं.

भारताच्या बाजूलाही करासाठी घाई नको. आपल्याकडे इस्टेट ड्यूटी, म्हणजे मृत्यूनंतर मालमत्तेवर लागणारा कर, १९८५ मध्येच गेली. वडिलांनी मुलाला दिलेल्या बक्षिसावर आयकर नाही. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला-मुलीला बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. (अधिभार धरून एकूण किती ते दुय्यम निबंधकांकडे विचारा.)

मग घाई कशाची? सातबाऱ्याची. कोकणात घर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर असतं आणि खालची जमीन सातबाऱ्यावर, तीही बरेचदा शेतीचीच. उतारा काढा आणि नावं मोजा. आमच्याकडच्या एका उताऱ्यावर आजोबांचे चारही भाऊ, त्यांची मुलं, लग्न होऊन गेलेल्या आत्या, अशी सामाईक नावं होती आणि त्यातले निम्मे हयात नव्हते. वारसनोंदी, हक्कसोडपत्रं, फेरफार ही कामं वडील हिंडते-फिरते आहेत तोवरच होतात. चुलत्यांच्या ओटीवर बसून सही घ्यायची असते. कॅनडातल्या मिसिसॉगातून व्हॉट्सॲपवर ते जमत नाही.

जमीन शेतीची असेल तर फेमा हा परकीय चलनाचा भारतीय कायदाही आडवा येतो. नोकरीसाठी किंवा स्थायिक व्हायला देश सोडलात की तुम्ही अनिवासी. अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही आणि बक्षीस म्हणूनही घेता येत नाही. वारशाने मात्र येते. निवासी असताना नावावर आलेली असेल तर ठेवताही येते. म्हणून बक्षीसपत्रच करायचं असेल तर विमानात बसण्याआधी, नाहीतर मृत्युपत्र. मी मृत्युपत्राच्या बाजूचा आहे. वडिलांचं घर त्यांच्या हयातीत त्यांच्याच नावावर असावं, मुलगा परदेशी चाललाय म्हणून त्यांनी आपल्याच घरात पाहुणं का व्हावं? दोन साक्षीदार घ्या. नोंदणी सक्तीची नाही, तरी करून टाका.

तुमच्या ताईला आधी विचारा. घर वडिलोपार्जित असेल तर हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर तिचा हक्क तुमच्याइतकाच आहे, आणि वडील मृत्युपत्रात फक्त स्वतःचा हिस्सा देऊ शकतात. शिवाय पावसाआधी कौलं चाळायला, घरपट्टी भरायला तीच जाणार आहे.

पण आत्ताच नावावर घेतलंत, तर पोहोचण्याच्या तारखेचा सरकारमान्य मूल्यांककाचा अहवाल करून ठेवा. रेडी रेकनरचा (मुद्रांक शुल्कासाठीचा सरकारी) दर पुरत नाही. नफा कॅनडियन डॉलरमध्ये मोजतात, मूळ किंमत त्या दिवसाच्या दराने आणि विक्री विक्रीच्या दिवसाच्या. रुपया घसरला की इथला नफा कमी दिसतो.

कलमं कराराने देत असाल तर नीट ऐका. शेतीचं उत्पन्न भारतात करमुक्त असलं तरी जमीन तुमच्या नावावर आल्यावर ते कॅनडात दाखवावं लागतं. स्वतःच्या वापराचं घर टी ११३५ या परदेशी मालमत्तेच्या फॉर्ममध्ये येत नाही, पण कमाईची बाग येऊ शकते, आणि अशा सगळ्या मालमत्तांची मिळून मूळ किंमत एक लाख डॉलरच्या वर, म्हणजे साधारण साठ-पासष्ट लाख रुपयांच्या पुढे गेली की फॉर्म भरावा लागतो. उशिराला दिवसाला २५ डॉलर, कमाल २,५०० दंड. रहिवासी झाल्याच्या पहिल्या वर्षी हा फॉर्म माफ आहे.

विकायची वेळ आलीच तर अनिवासी म्हणून भारतात दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के अधिक अधिभार, इंडेक्सेशन (महागाईप्रमाणे मूळ किंमत वाढवून धरणं) नाही. खरेदीदार टीडीएस कापणार, म्हणून कमी कपातीचा दाखला आधी काढा. भारतात भरलेल्या कराची वजावट कॅनडात मिळते. शेतजमीन विकायची झाली तर भारतातल्या रहिवाशालाच, आणि महाराष्ट्रात तो शेतकरीही लागतो.

मुलांचं म्हणाल, तर ती कॅनडात स्थायिक झाली की तुम्हाला त्यांना हयातीत शेतजमीन बक्षीस देता येणार नाही, मृत्युपत्राने देता येईल. ती कॅनडाची नागरिक झाली की त्यांची ओसीआय कार्डं (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठीची) वेळेत काढा, आणि तुमचं स्वतःचं मृत्युपत्र करताना दापोलीचं घर कुणाला ते स्वच्छ लिहा. दोन्ही मुलांना निम्मं-निम्मं लिहून मोकळे होऊ नका. ज्याला तिथे जाऊन राहायचंय त्याला घर आणि दुसऱ्याला तेवढ्याच किमतीचं इथलं काहीतरी, हे जमतंय का ते आधी बघा.