घरी बनवलेल्या फ्लाइट सिम्युलेटरचे व्हिडिओ नीट रेकॉर्ड करून शेअर कसे करायचे?

तुमचा सेटअप तीन मॉनिटरचा, पॅनल हाताने बांधलेली. तुम्ही लिहिलंय की मोबाइलने शूट केलं तर पडद्यावर पट्टे सरकतात आणि रेडिओवरचे आकडे अर्धवट दिसतात. ओबीएसने (पडदा रेकॉर्ड करणारं मोफत सॉफ्टवेअर) रेकॉर्ड केलं तर उड्डाण गचके खातं, आणि यूट्यूबवर चढवल्यावर झाडांचा नि ढगांचा लगदा होतो.

आधी एक गोष्ट ठरवून टाका. खिडकीबाहेरचं दृश्य कॅमेऱ्याने टिपायचंच नाही, ते कॉम्प्युटरच्या आतून घ्यायचं. कॅमेरा हात, थ्रॉटल, ओव्हरहेड पॅनल आणि क्वचित अख्खं कॉकपिट दाखवण्यापुरता. दोन्ही चित्रणं एडिटिंगमध्ये जोडायची. एकाच कॅमेऱ्याने सगळं टिपू पाहणाऱ्याला उजळ पडदा आणि अंधारी केबिन एकाच एक्स्पोजरमध्ये बसवावी लागते, आणि ते कधीच धड बसत नाही.

आतल्या चित्रणापासून सुरुवात करू. गचक्यांचं कारण बहुतेक वेळा हे असतं की सिम (सिम्युलेटरचं सॉफ्टवेअर) सेकंदाला ३५ ते ४५ फ्रेमच्या दरम्यान कुठेतरी डुगडुगत्या फ्रेम रेटने चाललेलं असतं आणि ओबीएस ६०ने टिपत असतं. मग काही फ्रेम एकदा येतात, काही दोनदा, आणि वळताना क्षितिज अडखळतं. ६०चा हट्ट सोडा. सिममधल्या व्ही-सिंकच्या सेटिंगने किंवा रिव्हाट्यूनर या सॉफ्टवेअरने फ्रेम रेट ३०वर बांधा आणि ओबीएसही ३०वर ठेवा. स्थिर ३० हे हेलकावे खाणाऱ्या ४५पेक्षा डोळ्याला कितीतरी बरं दिसतं.

याचा आणखी एक फायदा आहे. ग्राफिक्स कार्ड ९९ टक्क्यांवर असलं की ओबीएसला स्वतःचं चित्र जुळवायलाही सवड मिळत नाही. ओबीएसमध्ये स्टॅट्सची खिडकी उघडून ठेवा. रेंडरिंग लॅगचा आकडा वाढत असेल तर कार्ड दमलंय, सिमची सेटिंग खाली आणा. एन्कोडिंग लॅगचा आकडा वाढत असेल तर एन्कोडर, म्हणजे चित्र दाबून फाइल बनवणारा भाग, मागे पडतोय. या दोन्हींत गल्लत करून लोक उगाच बिटरेट (सेकंदाला लिहिला जाणारा डेटा) कमी करत बसतात, आणि गचके तसेच राहतात. ओबीएस ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडलं तर विंडोज त्याला कार्डावर अग्रक्रम देतं. तेवढ्यानेही पुष्कळदा काम होतं.

एन्कोडर कार्डावरचा वापरा: एनव्हिडियाचा एन्व्हेंक, एएमडीचा एएमएफ किंवा इंटेलचा क्विक सिंक. एक्स२६४ हा एन्कोडर प्रोसेसरवर चालतो, आणि सिमचा मुख्य थ्रेड आधीच प्रोसेसरच्या मानगुटीवर बसलेला असतो. रेट कंट्रोलमध्ये सीबीआर (कायम एकच बिटरेट) हे लाइव्ह स्ट्रीमसाठी आहे. रेकॉर्डिंगला सीक्यूपी (कायम एकच दर्जा) निवडा आणि १८ ते २२च्या मधला आकडा द्या. आकडा जितका लहान तितकी प्रत चांगली आणि फाइल मोठी. सरासरी ५० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) पडले तर तासाला साधारण २२.५ जीबी जागा लागते. ही फाइल सिमची सीनरी (भूप्रदेशाच्या फाइल) ज्या डिस्कवर आहे तिथे लिहू नका, वेगळा एसएसडी द्या. फॉरमॅट एमकेव्ही ठेवा. साधी एमपी४ फाइल मध्येच क्रॅश झाली की उघडत नाही, एमकेव्ही तिथपर्यंतचं सगळं राखते. नंतर ओबीएसमधल्या रीमक्सने (फाइलचं फक्त वेष्टन बदलून) दर्जा न गमावता तिची एमपी४ करता येते.

तीन मॉनिटरचं गणित वेगळं आहे. सराउंडमध्ये, म्हणजे तिन्ही मॉनिटर मिळून एकच पडदा असं, जोडलेलं ५७६०×१०८०चं चित्र १०८०पी व्हिडिओत पूर्ण बसवलं तर १९२०×३६०ची एक पट्टी उरते, वर-खाली नुसता काळोख. शिवाय एन्व्हेंकचा एच.२६४ एन्कोडर ४०९६ पिक्सेलपेक्षा रुंद चित्र घेत नाही, रेकॉर्डिंग सुरूच होत नाही. त्याहून रुंद हवं असेल तर एचईव्हीसीसारखा दुसरा एन्कोडर लागतो. मी तरी फक्त मधला मॉनिटर घ्यायला सांगेन. सराउंड असेल तर ओबीएसचा कॅन्व्हास (चित्राची चौकट) १९२०×१०८० ठेवून सोर्स (टिपलेलं चित्र) दोन्ही बाजूंनी क्रॉप करा. सिमच्या वेगवेगळ्या खिडक्या वेगवेगळ्या मॉनिटरवर असतील तर गेम कॅप्चर (फक्त गेमची खिडकी टिपणारं) कधीकधी भलतीच खिडकी पकडतं, तिथे त्या मॉनिटरचं डिस्प्ले कॅप्चर (अख्खा पडदा टिपणारं) लावा. डिस्प्ले कॅप्चरमध्ये नोटिफिकेशन, चॅट, ऑनलाइन उड्डाणाच्या नेटवर्कचा आयडी सगळं दिसतं, हे विसरू नका.

बाहेरून दिसणाऱ्या विमानाचे शॉट्स उड्डाण चालू असताना घेऊ नका, रिप्लेमधून घ्या. एक्स-प्लेनमध्ये रिप्ले अंगभूत आहे. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२० वापरत असाल तर स्काय डॉली नावाचा मोफत रेकॉर्डर आहे. रिप्ले विमानाची हालचाल जपतो, हवामान जपेलच असं नाही. म्हणून लाइव्ह वेदरऐवजी ठरावीक हवामान आणि वेळ लावून उडा, नाहीतर कॉकपिटमधून पाऊस आणि बाहेरून लख्ख ऊन अशी जोडणी होते. घरच्या कॉकपिटमध्ये इथे एक खास अडचण येते. रिप्ले चालू असतानाही तुमचे पोटेन्शिओमीटर (दांड्यांची जागा मोजणारे भाग) सिमला आकडे पाठवत असतात आणि थ्रॉटल किंवा फ्लॅप थरथरतात. त्या वेळी मोबिफ्लाइट किंवा पॅनल सिमला जोडणारं जे काही सॉफ्टवेअर असेल ते बंद करा, थ्रॉटलची यूएसबी काढा.

आता कॅमेरा. आकडे अर्धवट दिसतात यात तुमच्या सोल्डरिंगचा दोष नाही. सेव्हन-सेगमेंट डिस्प्लेचे (सात रेघांनी आकडा दाखवणारा) सगळे आकडे एकाच वेळी पेटलेले नसतात. मॅक्स७२१९सारखी चिप ते एकामागून एक पेटवते. आठ आकड्यांची फेरी सेकंदाला साधारण ८०० वेळा होते, म्हणून डोळ्याला ते अखंड भासतात. मोबाइल ऑटोवर असला आणि खोलीत उजेड असला की शटर १/१००० सेकंदावर जातं, म्हणजे एक फेरीही पुरी होत नाही. मग जे आकडे त्या क्षणी विझलेले, ते गायब. पॅनलच्या बॅकलाइटचंही तेच. आर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाच्या बहुतेक पिनांवर पीडब्ल्यूएम (दिवा भराभर चालू-बंद करून उजेड कमी करणं) सुमारे ४९० हर्ट्झचं असतं, वेगवान शटरला त्याचे पट्टे दिसतात. उपाय एकच: मॅन्युअल मोड, ३० फ्रेम, शटर १/६०, आयएसओ जमेल तितका कमी. ६० हर्ट्झच्या मॉनिटरशीही हेच शटर जुळतं. चित्र तरीही फार उजळ येत असेल तर शटरला हात लावू नका, लेन्सवर एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळसर काच) लावा. पोलरायझर फिल्टर मात्र चुकूनही नको, एलसीडी पडदा एका कोनात काळाठिक्कर पडेल.

जिथे वीज ५० हर्ट्झची आहे तिथे घरातले दिवे १०० हर्ट्झने लुकलुकतात आणि १/६०शी त्यांचं पटत नाही. ते दिवे बंद करा आणि डीसीवर चालणारी, डिमर नसलेली एलईडी पट्टी सीटच्या मागून, छताकडे तोंड करून लावा. पॅनलवर सरळ उजेड पडला तर काचेत कॅमेराच दिसतो. कॅमेऱ्यामागे काळं कापड टांगलं की प्रतिबिंबं बरीच कमी होतात. व्हाइट बॅलन्स, फोकस आणि एक्स्पोजर तिन्ही लॉक करा. नाहीतर हात मध्ये आला की चित्र निळं-पिवळं होत राहतं. पडदा फ्रेममध्ये येणारच असेल आणि त्यावर नागमोडी नक्षी उमटत असेल, तर फोकस पॅनलवर ठेवून पडदा किंचित धूसर राहू द्या, नाहीतर कॅमेरा थोडा मागे-पुढे करा.

सीटखाली बेस शेकर (आवाजाबरोबर सीट थरथरवणारं यंत्र) लावला असेल तर कॅमेऱ्याचा क्लॅम्प कॉकपिटच्या सांगाड्याला लावू नका. सांगाड्याच्या थरथरीने चित्र जेलीसारखं लवलवतं, आणि ते एडिटिंगमध्ये पुसता येत नाही. ट्रायपॉड जमिनीवर, सांगाड्याला न टेकवता ठेवा. मोशन प्लॅटफॉर्म (कॉकपिट हलवणारा पाया) असेल तर दोन कॅमेरे लागतात: हलतं कॉकपिट दाखवायला बाहेरचा, हात दाखवायला आतला. मोबाइल एअरप्लेन मोडवर, चार्जरवर आणि कव्हर काढून ठेवा. लांबच्या उड्डाणात तो तापून मध्येच बंद पडतो.

घरच्या कॉकपिटच्या व्हिडिओतली खरी मजा स्विचच्या ‘खट्’ आवाजात आहे, आणि तोच लोक घालवतात. मोबाइलचा माइक शांततेत आपोआप आवाज वाढवतो आणि इंजिन गरजलं की दाबतो. एक साधा कॉलर माइक थ्रॉटलच्या बुडाशी चिकटवा आणि सिमचा आवाज हेडफोनवर घ्या, म्हणजे माइकमध्ये फक्त स्विच येतात. ओबीएसमध्ये सिम, तुमचं बोलणं आणि एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रकाचं बोलणं) वेगवेगळ्या ऑडिओ ट्रॅकवर टाका. बोलण्याचा कमाल आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहू द्या, इंजिन त्याच्या बरंच खाली. अंतिम फाइल मात्र सगळं मिसळून एकाच ट्रॅकची करा.

दोन्ही चित्रणं जुळवायला टाळी चालते, पण ती सिमला ऐकू जात नाही. त्यापेक्षा पार्किंग ब्रेक किंवा लँडिंग लाइटचा स्विच वापरा: कॅमेऱ्यात बोट दिसतं, खट् ऐकू येतं, आणि सिममध्ये त्याच क्षणी दिवा बदलतो. सिमची प्रतिक्रिया एक-दोन फ्रेम उशिरा येते, तेवढं सोडून द्या. कॅमेरा आणि कॉम्प्युटरची घड्याळं तंतोतंत सारखी नसतात, तासाभरात दोन-चार फ्रेमचा फरक पडू शकतो. म्हणून टेकऑफआधी आणि अ‍ॅप्रोचआधी तोच स्विच पुन्हा दाबा. फरक यापेक्षा खूप जास्त असेल तर मोबाइलने बदलत्या फ्रेम रेटने टिपलंय असं समजा. ती फाइल आधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काँस्टंट (न बदलणाऱ्या) फ्रेम रेटवर ३० करून घ्या, मगच एडिटरमध्ये टाका.

लगदा होण्याचं कारण यूट्यूबचं व्हिडिओ पुन्हा दाबणं (कॉम्प्रेस करणं). कमी उंचीवरून दिसणारी झाडं दर फ्रेमला बदलतात आणि १०८०पीला मिळणारा बिटरेट त्यांना पुरत नाही. रेकॉर्डिंग १०८०पीचं असलं तरी एक्स्पोर्ट १४४०पी करा. मोठ्या आकाराच्या व्हिडिओला यूट्यूब जास्त बिटरेट देतं, त्यामुळे तेच चित्र स्वच्छ दिसतं. ३० फ्रेमच्या १४४०पीला यूट्यूबची शिफारस १६ एमबीपीएसची आहे, मी दुप्पट देईन. रात्रीच्या आकाशात पायऱ्या-पायऱ्या दिसत असतील तर अगदी हलकं ग्रेन (चित्रावर बारीक दाणे) घाला, जास्त घातलंत तर तेच बिटरेट खाईल.

अपलोड करून लगेच लिंक वाटू नका. आधी कमी दर्जाची प्रत तयार होते, १४४०पी मागून येते. तोवर व्हिडिओ अनलिस्टेड (लिंक असलेल्यालाच दिसेल असा) ठेवा. खातं पडताळलेलं नसेल तर १५ मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ चढत नाही. वर्णनात चॅप्टर द्या: पहिली नोंद ०:००ची, निदान तीन नोंदी, प्रत्येक भाग किमान १० सेकंदांचा. क्रूझ (मधलं सरळ उड्डाण) कापून टाका. तासभर निळं आकाश कुणी बघत नाही, थ्रॉटलवरचा हात बघतात.

शीर्षकात विमान, विमानतळाचा कोड आणि धावपट्टी लिहा, उदाहरणार्थ ‘ए३२०, एलओडब्ल्यूआय, धावपट्टी २६’ (एलओडब्ल्यूआय म्हणजे इन्सब्रुक). शोधणारे तसंच शोधतात. आणि ‘सिम्युलेटर’ हा शब्द शीर्षकातही हवा, चित्रावर कोपऱ्यातही हवा. अपघाताचे सिममधले तुकडे खरे म्हणून फिरतात, आणि एकदा कुणी कापून नेलं की वर्णनातला खुलासा मागेच राहतो.