फ्लॅन्ज दुप्पट का झाली?

प्रश्न : आमची छोटी टूलरूम आहे. पुतण्यानं कॅडक्वेरीवर (कोड लिहून थ्रीडी मॉडेल बनवण्याची पायथन लायब्ररी) सात-आठ टूल्स, म्हणजे एजंटनं वापरायच्या छोट्या आज्ञा, लिहून ती एआय एजंटला जोडून दिली आहेत. मराठीत सांगितलं की मॉडेल तयार होतं. परवा मागितलं, ‘फ्लॅन्ज, बाहेरून 100, जाडी 12, एम8 बोल्टची चार भोकं, पीसीडी 75.’ (फ्लॅन्ज म्हणजे बोल्टनं जोडायची गोल चकती; पीसीडी म्हणजे भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास; मापं मिमीत.) आली 200 ची! पीसीडी 150 झाला, भोकं मात्र बरोबर 9 ची. पुतण्या म्हणतो, कोड चोख आहे, एआयच कच्चं आहे. टूल्सच्या वर्णनाचा कागद सोबत जोडला आहे. चुकलं कुणाचं?
– एक वाचक, शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर

उत्तर : भोकं बरोबर आली, तिथंच चोर सापडला. कॅडक्वेरीत ‘सर्कल’ला त्रिज्या द्यावी लागते. गोलावर भोकं वाटून देणाऱ्या ‘पोलरअ‍ॅरे’लाही त्रिज्याच. ‘होल’ मात्र व्यास घेतो. एकाच घरातल्या तीन भावांपैकी धाकट्याची रीत वेगळी. तुमच्या कागदावर काय लिहिलंय? ‘गोल प्लेट बनवते. साइज, जाडी.’ भोकांच्या टूलपुढेही ‘साइज’च. एजंटनं सगळीकडे व्यास दिला. माझ्या हाताखालच्या आयटीआयच्या पोरानंही तेच केलं असतं. फक्त त्यानं आधी येऊन विचारलं असतं, ‘साहेब, रेडियस की डाया?’ एजंट बहुतेक वेळा विचारत नाही, अंदाजानं पुढे जातो.

तेव्हा त्या ओळीच्या जागी असं लिहा : ‘गोल सपाट प्लेट बनवते. बाहेरचा व्यास, मिलिमीटरमध्ये. त्रिज्या देऊ नये. उदाहरण : 100 दिल्यास 100 मिमी व्यासाची प्लेट.’ आणि व्यासाचं निम्मं करण्याचं काम कोडच्या आत पुतण्यानं करावं. बाहेरून सगळ्या टूल्सना व्यासच. शॉपमध्ये कुणी त्रिज्येत बोलतं का?

मिलिमीटर हा शब्द प्रत्येक टूलच्या वर्णनात पुन्हा लिहा, कंटाळा करू नका. कॅड सॉफ्टवेअर्समध्ये फ्रीकॅड मिमीत चालतं, फ्यूजनचा एपीआय (कोडमधून सॉफ्टवेअर चालवायची सोय) आतून सेंटिमीटर धरतो, सॉलिडवर्क्सचा मीटर. एजंटनं हे सगळं वाचलेलं असतं, म्हणून तर त्याचा गोंधळ होतो. कोनांचंही तसंच. मी नवखा असताना ऑटोलिस्पमध्ये, म्हणजे ऑटोकॅडच्या आतल्या भाषेत, एक मॅक्रो लिहिला होता. कोन आणि अंतरावरून बिंदू काढणाऱ्या ‘पोलर’ला 30 अंश म्हणून सरळ 30 दिले. त्याला हवे होते रेडियन. खाच जाऊन बसली 279 अंशांवर, आणि मी दुपारभर डिजिटायझरला (रेखाटन कॉम्प्युटरमध्ये घेणाऱ्या पाटीला) शिव्या घालत बसलो.

आता कागदावर अजिबात नसलेली गोष्ट : टूल परत काय सांगतं? तुमचं टूल नुसतं ‘झालं’ म्हणतं. त्याऐवजी त्यानं बनलेल्या भागाची लांबी-रुंदी-उंची आणि वजन सांगावं. तुमची फ्लॅन्ज स्टीलची असेल तर ती साधारण 715 ग्रॅम भरायला हवी होती. बनली ती तीन किलोच्या आसपास. ‘200 × 200 × 12’ असं उत्तर समोर आलं असतं तर एजंटला स्वतःलाच शंका आली असती. आपणही जॉब उतरवला की आधी व्हर्नियर लावतोच ना.

चुकांचे संदेशही बघा. 12 मिमी जाडीच्या प्लेटला दोन्ही कडांवर 7 मिमीची गोलाई मागितली तर ती बसणारच नाही. पण आतलं इंजिन एवढंच म्हणतं, ‘कमांड नॉट डन.’ त्यावर एजंट तेच टूल पुन्हा पुन्हा ठोकत राहतो. पुतण्यानं तो संदेश अडवून स्वतःचा द्यावा : ‘दोन गोलाया मिळून जाडीपेक्षा मोठ्या, 6 पेक्षा कमी घे.’

कागदाच्या शेवटी तुमच्या शॉपची बोली लिहून ठेवा. तुमचा फिटर ‘तीन सूत भोक’ म्हणणार. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, 3.175 मिमी; तीन सूत 9.525. एम8 ला आरपार भोक 9, आटे पाडायचे असतील तर ड्रिल 6.8. तुमच्या निरोपात नुसतं ‘एम8 बोल्टची भोकं’ होतं. एजंटनं 9 धरलं ते या वेळी जमून गेलं. उद्या बोल्ट त्याच प्लेटमध्ये आवळायचा असेल तर?

तुम्ही फोनवर विचारलंत, हे मराठीत लिहिलं तर चालेल का? चालेल. टूलची आणि पॅरामीटरची नावं मात्र कोडमध्ये असतील तशीच ठेवा. आणि नवा कागद एजंटला देण्याआधी शॉपमधल्या सगळ्यात नव्या पोराला द्या, पुतण्याला चहाला पाठवा, आणि त्या पोराला तेवढ्या कागदावरून हीच फ्लॅन्ज करायला सांगा. तो जिथं अडेल तिथं पेन्सिलनं खूण करा.