कृत्रिम पेशीत डीएनएचा सांगाडा कशाला? अ‍ॅक्टिन तयार मिळतं की!

पेशीचा आतला सांगाडा बनवणारं अ‍ॅक्टिन हे प्रथिन विकत मिळत असताना कृत्रिम पेशीसाठी डीएनएचे धागे बनवायचा खटाटोप कशाला, हेच मला पीएचडीच्या सेमिनारमध्ये एका सरांनी विचारलं होतं आणि मी तोंड उघडायच्या आत "खेळणं आहे हे" म्हणून विषय संपवला. ते अजून सलतं म्हणून सविस्तर लिहितेय.

आमचं काम म्हणजे मोजक्या डीएनए पट्ट्या, सीक्वेन्स (अक्षरांचा क्रम) आपण ठरवलेला, तापवून सावकाश थंड केल्या की आपोआप जुळून त्यांच्या नळ्या होतात, मग त्या लिपिडच्या, म्हणजे पेशीच्या पडद्यासारख्या स्निग्ध थराच्या, फुग्यांत भरायच्या; हे फुगे म्हणजेच आमच्या कृत्रिम पेशी. आत सुक्रोज, बाहेर ग्लुकोज, म्हणजे फुगे जड होऊन तळाशी बसतात. मॅग्नेशियम कमी पडलं की नळ्या सुटतात, जास्त झालं की फुगे एकमेकांना चिकटतात, बाहेरची ऑस्मोलॅरिटी (विरघळलेल्या कणांचं प्रमाण) जरा हलली की सगळे फुटतात, महिनोन् महिने हेच. मग एकदा आत डेक्स्ट्रान (साखरेच्या लांब साखळ्या) घातलं आणि कॉन्फोकल मायक्रोस्कोपवर नळ्यांची ती धूसर चमक जाऊन त्यांच्या जाड जुड्या दिसल्या, फुग्याच्या कडेनं वळलेल्या! शेजारच्या लॅबमधली पोरं बघायला आली होती. सरांनी खेळणं म्हटलं ते याच फोटोला.

अहो, अ‍ॅक्टिन एकटं येत नाही. ऊर्जेसाठी एटीपी लागतं, कुठे वाढायचं कुठे तुटायचं ते ठरवायला फॉर्मिन, कोफिलिन वगैरे प्रथिनं लागतात, आणि पेशीनं ते स्वतः बनवायचं तर रायबोसोम, टीआरएनए असा प्रथिनं बनवायचा सगळा कारखाना आत बसवा. उलट जर्मनीत हायडेलबर्गला केर्स्टिन ग्योपफ्रिश यांच्या ग्रुपनं २०२५ मध्ये आरएनए ओरिगामीचा (घड्या पडून आकार घेणाऱ्या आरएनएचा) सांगाडा फुग्याच्या आतच तयार करून दाखवला, डीएनएचा साचा आणि त्यावरून आरएनए बनवणारं एक पॉलिमरेज, प्रथिनं बनवायची भानगडच नाही. अमेरिकेतल्या चॅपल हिलच्या रोनिट फ्रीमन यांच्या पेप्टाइड-डीएनए (पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा) सांगाड्याच्या कृत्रिम पेशी (२०२४) ५० अंश सेल्सिअसला टिकल्या, एवढ्यात आपल्या पेशी मरतात. निसर्गातलं उचलून आत टाकलं तर ते का चालतं हे कळत नाही, स्वतः बांधलं की कळतं.

हां, जोर लावून ओढायचं असेल तर मायोसिन या ओढणाऱ्या प्रथिनासोबतच्या अ‍ॅक्टिनची बरोबरी डीएनएच्या नळ्या अजून करत नाहीत, हे खरंय, आणि डीएनए स्वस्तही नाही.

या विषयात पीएचडी करायची असेल तर "निसर्गात आहेच की" म्हणणारा गाइड अजिबात घेऊ नका. आणि लॅबचं स्वतःचं कॉन्फोकल आहे का ते आधी विचारा, बुकिंगच्या रांगेत फुगे टिकत नाहीत.