कॉलेज सुटलं, प्रेस सुटली, आता?

प्रश्न : ताई, आम्ही चौघं मित्रमैत्रिणी यंदा प्रिंटमेकिंग घेऊन पास झालो. कॉलेजात होतो तोवर प्रेस, रोलर सगळं आयतं मिळायचं, आता काहीच नाही. स्वतःचा ग्रुप काढायचा ठरवलंय पण एचिंग प्रेसच्या किमती ऐकून डोळे पांढरे झाले. लोन काढावं का? घरचे म्हणतात आधी नोकऱ्या बघा.
– पुण्यातले चौघं

उत्तर : लोनबिन अजिबात नको. एचिंगला, म्हणजे धातूच्या प्लेटवर ॲसिडनं कोरलेल्या रेघांत शाई भरून छापायला, प्रेस लागते कारण ओलसर कागद त्या रेघांत दाबून घुसवायचा असतो, लिनो आणि वुडकटला (लिनोलियमचा किंवा लाकडाचा ब्लॉक, म्हणजे ठसा, कोरून छापतात ते) तसं काही नाही, शाई न कोरलेल्या वरच्या भागावरच असते. तेव्हा सुरुवात तिथून करा. ब्लॉकवर शाईचा पातळ थर द्या (रोलर फिरवताना बारीक चरचर ऐकू आली की बरोबर, पचपच झालं तर शाई जास्त आहे), वर पातळ नेपाळी कागद टाका आणि स्टीलच्या चमच्याच्या पाठीनं मधून कडेकडे घासत जा. कोपरा उचलून कुठे फिकं राहिलंय ते बघता येतं, ही सोय प्रेसमध्ये नाही बरं का! मोठं काम करायचंय? इंडोनेशियात योग्याकार्ताला हुकूमशहा सुहार्तोची सत्ता गेली त्याच वर्षी, १९९८ला, आर्ट कॉलेजच्या पोरांनी आणि कार्यकर्त्यांनी मिळून तारिंग पादी नावाचा ग्रुप काढला, ते लोक भलेमोठे वुडकट कापडावर चक्क पायांनी तुडवून छापतात.

आता पैसे. १९०५ साली जर्मनीत ड्रेस्डेनला आर्किटेक्चर शिकणाऱ्या चार मित्रांनी 'ब्रुके' नावाचा ग्रुप काढला, किर्शनर, हेकेल वगैरे. त्यांनी पुढच्याच वर्षापासून बाहेरच्या लोकांना वर्षाला १२ मार्क घेऊन मेंबर करून घेतलं आणि बदल्यात दरवर्षी प्रिंटांचा एक संच दिला. मला विचाराल तर तुम्ही हेच करा, ओळखीतले वीस-पंचवीस जण गाठा, आधी वर्गणी मग छपाई. एडिशनचा आकडा (एका ब्लॉकच्या एकूण किती प्रिंट काढणार तो) मात्र एकदा पेन्सिलीनं लिहिला की लिहिला, मागणी आली म्हणून गुपचूप जादा प्रिंट काढायच्या नाहीत, तेवढ्या झाल्या की ब्लॉकवर आडवी चीर मारून मोकळे व्हा, म्हणजे पुन्हा छापायचा प्रश्नच नको.

आणि हो, 'ब्रुके' १९१३ला फुटला तो पैशावरून नाही, किर्शनरनं ग्रुपचा इतिहास लिहिला त्यात स्वतःलाच फार पुढे केलं म्हणून बाकीचे भडकले. त्यामुळे ब्लॉक कुणाकडे राहणार, नाव कुणाचं जाणार, एखादा सोडून गेला तर त्याचा वाटा किती, हे आत्ता गोडीगुलाबी आहे तोवर कागदावर लिहून सह्या करा.

नोकऱ्यांचं घरच्यांचं ऐका की, रविवार तुमचाच आहे. एचिंगची हौस फिटत नसेल तर बडोद्याला १९९९ पासून 'छाप' आहे, प्रिंटमेकर मंडळींनीच काढलेला वर्कशॉप, तिथे काम करायला मिळेल का ते विचारून बघा.