ती पहिली ओळ खोडून टाक

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या पीएचडीच्या प्रस्तावाचा मसुदा वाचला. ‘रोगप्रतिकारक पेशी कर्करोगापासून त्वचेचं रक्षण करतात’ ही पहिली ओळ खोडून टाक. ती खोटी नाही, पण अर्धीच आहे, कारण याच पेशी कधी कर्करोगाला हातभारही लावतात, आणि पुढचा सगळा मसुदा तिच्यामुळे एकांगी झालाय.

मार्गारेट क्रिपकी यांचे १९७० च्या दशकातले शोधनिबंध मुळातून वाच. अतिनील किरणांमुळे उंदरांच्या त्वचेवर आलेल्या गाठी त्यांनी त्याच वाणाच्या निरोगी उंदरांत रोवल्या. बहुतेक गाठी तिथे टिकल्याच नाहीत. पण ज्या उंदरांना आधी किरणं दिली होती, त्यांच्यात त्याच गाठी फोफावल्या. म्हणजे किरणं डीएनए बिघडवतात आणि तो बिघाड ओळखणारी यंत्रणाही दडपतात. पुढे असंही दिसलं की हे दडपण टी पेशींमार्फत, म्हणजे रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशींच्या एका प्रकारामार्फत येतं. गाठ मारायलाही टी पेशी आणि मारणाऱ्यांना अडवायलाही टी पेशी! मला याचं आजही नवल वाटतं.

लँगरहान्स पेशींबद्दल, म्हणजे त्वचेतल्या पहारेकरी रोगप्रतिकारक पेशींबद्दल, तू चारच ओळी लिहिल्यास, ते बरोबर नाही. परका पदार्थ उचलून लसिकाग्रंथीत टी पेशींपुढे नेणं हे त्यांचं काम, हे खरं. पण डीएमबीए हे कर्करोग घडवणारं रसायन त्वचेला लावलं, तर त्याचं अधिक घातक रूप बनायला याच पेशी हातभार लावतात. त्या नसलेल्या उंदरांना गाठी फारशा होतच नाहीत.

माणसांतही दोन्ही बाजू दिसतात. मूत्रपिंड बदलल्यावर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांना त्वचेचा स्क्वेमस (वरच्या थरातल्या चपट्या पेशींचा) कर्करोग होण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो. उलट, भाजल्याचा वर्षानुवर्षं न भरणारा व्रण घे. तिथे दाहक पेशींची सतत गर्दी असते, आणि कर्करोग तिथेही होतो. मुंबईत विकृतिशास्त्रज्ञ डॉ. खानोलकरांनी १९४५ मध्ये नोंदवलेला, धोतर कमरेला काचतं तिथे होणारा कर्करोगही सततच्या घर्षणातून आलेला. आपल्याकडचं हे काम तुझ्या मसुद्यात यायलाच हवं.

नवा मसुदा लिहिताना प्रत्येक पेशीपुढे कारण आणि टप्पा लिही: किरणं, रसायन की जुनी जखम; गाठ उगवण्याआधी की नंतर. शिवाय विकृतिशास्त्र विभागात जाऊन मेलानोमाच्या (त्वचेच्या रंगपेशींच्या कर्करोगाच्या) सूक्ष्मदर्शकाखालच्या काचा पाहा. लिम्फोसाइट (टी पेशी ज्यात मोडतात त्या पांढऱ्या पेशी) गाठीत शिरल्यात की नुसत्या कडेला थांबल्यात, हे वेगवेगळं नोंदव. रुग्णाचं पुढे काय होईल याचा अंदाज बांधताना तो फरक उपयोगी पडतो. ते झालं की मसुदा पाठव.

कळावे.