गुडघ्यांसाठी प्रार्थना

प्रश्न : आम्ही अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका गावात राहतो. यजमान निवृत्त शिक्षक, आमच्या ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) पंच आहेत. धाकट्या मुलाची दारूपायी नोकरी गेली. आता तो दुसऱ्यांदा पुण्याच्या व्यसनमुक्ती केंद्रात आहे. गावात आम्ही 'पुण्याला कंपनीत आहे' असं सांगितलंय. पहिल्या वेळी बरा होऊन आला, आम्ही देवाचे उपकार मानले, आणि दोन महिन्यांत पुन्हा सुरू झालं. मी पहाटे उठून रडून प्रार्थना करते, उपास धरते. देवाच्या इच्छेवर सोपवा, असं उपदेशात ऐकते. त्याची इच्छा हीच असेल तर मी मागायचं तरी काय? माझाच विश्वास कमी पडतोय का? गुरुवारच्या घरसभेत पाळकसाहेब विनंत्या विचारतात तेव्हा मी गुडघेदुखीचं सांगते. सगळे मनापासून प्रार्थना करतात, पण घरी आले की जास्तच रिकामं वाटतं.

उत्तर :

ताई,

तुमच्या सगळ्या पत्रात मी त्या गुडघ्यांपाशीच अडकले. दर गुरुवारी तुमची माणसं डोळे मिटून तुमच्या गुडघ्यांसाठी देवाचा धावा करतात. ज्या मुलापायी तुमची झोप उडालीय, त्याचं नाव मात्र त्या खोलीत कोणी घेत नाही, कारण तुम्ही ते कोणाला कळूच दिलेलं नाही. आणि मग तुम्ही मला विचारता, विश्वास कमी पडतोय का. मला तुमचा राग आला, ताई. तुमच्या मुलाच्या वतीने आला.

बायबलात मार्काच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातला बाप आठवा. तोही मुलासाठीच आला होता, त्या मुलाला दुष्ट आत्म्याने धरलं होतं. शिष्यांना जमलं नव्हतं, शास्त्री वाद घालत होते, भोवती गर्दी होती. येशूने त्याला विचारलं, याला असं कधीपासून होतंय? त्या बापाने सगळ्यांसमोर सांगून टाकलं : लहानपणापासून. विस्तवात पडतो, पाण्यात पडतो, तोंडाला फेस येतो. काही लपवलं नाही. आणि लगेच पुढे तो म्हणाला की माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासाला हात द्या. त्याचा विश्वास तुमच्यापेक्षा मोठा होता असं मला वाटत नाही. मुलाची दशा चारचौघांत सांगायला तो लाजला नाही, एवढाच फरक. (तुमच्या मुलाला भूतबाधा आहे असं कोणी सुचवलं तर ऐकून घेऊ नका. व्यसन हा आजार आहे. त्याचे उपचार चालू आहेत, ते चालू राहू द्या.)

आता देवाच्या इच्छेबद्दल. तुमच्या मुलाने दारू प्यावी ही देवाची इच्छा आहे, असं मी मानत नाही. तुम्हीही मानू नका. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने आधी मागितलं : हा दुःखाचा प्याला टळू दे. एकदा मागून तो थांबला नाही, पुन्हा गेला, तिसऱ्यांदा गेला. तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, हे तो मागता मागता म्हणाला, मागणं गिळून नव्हे. तिथे तो एकटाही नव्हता. पेत्र, याकोब, योहान यांना सोबत नेलं होतं आणि माझा जीव किती खिन्न झालाय हे त्यांना स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. ते झोपी गेले, ती गोष्ट वेगळी. प्रभूला माणसांची सोबत मागावीशी वाटली, आणि तुम्ही देवावर सोपवण्याच्या नावाखाली माणसांपासून लपताय. याला सोपवणं म्हणत नाहीत.

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना 1935 साली सुरू झाली. तिथली पहिली पायरी म्हणजे दारूपुढे आपलं काही चालत नाही ही कबुली. व्यसनमुक्ती केंद्रांतही गटात बसून आपलं नाव सांगायचं आणि 'मला दारूचं व्यसन आहे' असं म्हणायचं, हे शिकवतात. म्हणजे तुमचा मुलगा तिथे अनोळखी माणसांपुढे खरं बोलायला शिकत असणार. घरी परतल्यावर मात्र त्याला कंपनीतून रजेवर आलेला मुलगा व्हावं लागतं. एखाद्या लग्नाच्या वरातीत मित्र ग्लास पुढे करतो, आणि त्याला अडवणारं आसपास कोणी नसतं, कारण कोणाला ठाऊकच नाही. मंडळीत प्रभुभोजनाच्या विधीला द्राक्षाचा साधा रस ठेवायचा की मद्य असलेला द्राक्षारस, हे तुमच्या पाळकांना त्याच्यासाठी आधी ठरवता आलं असतं. पण त्यांना तुमचे गुडघे तेवढे माहीत आहेत.

यजमानांच्या पंचपदाचं तुम्ही एका शब्दात उरकलंत. ते पद राखायला मुलगा एकटा पडत असेल, तर पद सोडलेलं बरं. आणि मंडळीत या दुःखाचं दुसरं घर नसेल, असं मला तरी वाटत नाही.

तेव्हा येत्या गुरुवारी सांगा. त्याआधी मुलाला फोन करा, कारण गोष्ट त्याचीही आहे. 'तुझ्यासाठी प्रार्थना मागणार आहे, नाव घेऊ का?' एवढंच विचारा. तो नको म्हणाला तर त्याचं नाव घेऊ नका. माझ्या घरात दारूचं दुःख आहे आणि मी थकलेय, असं म्हणा. तेवढं तुमचं स्वतःचं आहे, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. पुढे बोलता आलं नाही तर बसून घ्या, बाकीच्यांना प्रार्थना करू द्या. कोणी कुजबुजेल, कुजबुजू दे. शेजारी बसलेली एखादी बाई हात धरेल, तो सोडवून घेऊ नका.

पुण्याला अल-अॅनॉनच्या सभा कुठे भरतात, हेही केंद्रात विचारून ठेवा. व्यसनी माणसांच्या घरच्यांसाठी त्या असतात. पुढच्या भेटीला गेलात की परतण्याआधी एका सभेला बसा, यजमानांना घेऊन.